वरळीचा घुमट आणि कबड्डीची मॅट

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला महालक्ष्मीचं रेसकोर्स, आणि मधे हा घुमट. नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाचं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम. उभं राहिलं १९५७ साली. दारा सिंग आणि किंग काँगच्या कुस्त्या बघायला इथे मुंबई लोटायची. पुढे गाण्यांचे कार्यक्रम झाले, प्रदर्शनं भरली. पण आम्ही आलोय ते कबड्डीसाठी.

आत मॅट अंथरणं चालू आहे. एकेक चौकोन उचलायचा, त्याचे दाते शेजारच्या खाचांत बसवायचे आणि गुडघ्याने दाबायचे. सांध्यात फट राहिली तर चढाई करणाऱ्याचा बूट तिथेच अडकणार. मग मोजमाप. मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, चढाई करणाऱ्याने ओलांडायलाच हवी अशी; तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, जादा गुणाची. टेप ताणून धरलेली ही बोटं बघा, जराही हलत नाहीत. लालबाग-परळला हेच काम मातीवर पाणी मारून, रोलर फिरवून, फक्कीने व्हायचं.

गिरणगावात हा खेळ गल्लोगल्ली होता. बुवा साळवींनी त्याच्यासाठी आयुष्य वेचलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० ला कबड्डी बीजिंगच्या एशियाडमध्ये पोचली. तरी मुंबईत ती उघड्या मैदानावर, पावसाच्या भरवशावरच राहिली.

आणि मग २६ जुलै २०१४. बाहेर ऐन पावसाळा, आणि या छपराखाली प्रो कबड्डी लीगचा पहिलावहिला सामना. मुंबईचा संघ यू मुम्बा ४५, जयपूर ३१. कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा, पण सोबत रिशांक देवाडिगा, विशाल माने, ही आपल्या मुंबईची पोरं. त्या वर्षी अंतिम सामन्यात जयपूरने हरवलं. पुढच्या वर्षी, २३ ऑगस्टला, इथेच बंगळुरूला ३६–३० असं नमवून मुंबईने चषक उचलला. हा आवाज त्या रात्रीचा.

२०२० मध्ये याच जमिनीवर कोविड रुग्णांच्या शेकडो खाटा लागल्या.

जानेवारी २०२४ मध्ये कबड्डी परतली.

शेवटची पट्टी चिकटली. दिवे लागलेत. मॅट तपासायला एका पोराला उतरवलंय. तो वाकून रेषेला हात लावतो, तो कपाळाला टेकवतो, आणि दम घेऊन पलीकडे शिरतो.