नेम कंबरेखाली

(दृश्य: जिल्हा पोलीस मुख्यालयाचं मैदान. सकाळची वेळ.)

या माणसांकडे जरा नीट बघा. साधे कपडे, तोंडाला रुमाल, हात वर करून घोषणा. आंदोलक वाटतात ना? सगळे पोलीसच आहेत. आज त्यांच्या वाट्याला जमावाचं काम आलंय. समोर त्यांचेच सहकारी उभे आहेत, ढाल, काठी आणि हेल्मेट घेऊन. दंगा काबू योजनेची रंगीत तालीम म्हणतात ती हीच. गणपती आले, निवडणूक लागली, की गावोगावी ही तालीम होते आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात तिचा फोटो छापून येतो.

तालमीत क्रम चुकत नाही. आधी भोंग्यावरून इशारा: हा जमाव बेकायदेशीर आहे, निघून जा. मग अश्रुधुराची नळकांडी. मग लाठी. आणि काहीच चाललं नाही तर सगळ्यात शेवटी, वरिष्ठाच्या हुकमावर, मोजून गोळी. नेम कंबरेखाली. जमावातला एक जण ठरल्याप्रमाणे खाली पडतो. स्ट्रेचर येतं. दोन मिनिटांनी तोच माणूस उठतो, पँटची माती झटकतो आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

(दृश्य: पूर्व द्रुतगती मार्ग, घाटकोपर.)

आता हा रस्ता. रोज लाखो लोक इथून जातात. डाव्या-उजव्या बाजूला काय आहे हे बघायला कुणाला वेळ नसतो. हायवेला लागून ही वस्ती आहे, माता रमाबाई आंबेडकर नगर.

११ जुलै १९९७. शुक्रवार. पहाटे लोक उठले तेव्हा वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात कुणीतरी चपलांचा हार घातलेला होता. बातमी गल्लीतून गल्लीत गेली. माणसं हायवेवर उतरली, रस्ता अडवला गेला. राज्य राखीव पोलीस दलाची, म्हणजे आपल्या बोलीत एसआरपीची, एक तुकडी आली. तुकडीवर अधिकारी होता एक उपनिरीक्षक. आणि गोळ्या सुटल्या.

दहा माणसं मेली. वीसहून जास्त जखमी झाली.

मैदानावरचा क्रम आठवा. इशारा, अश्रुधूर, लाठी, मग गोळी. इथे सुरुवातच गोळीने झाली. लाठ्या आणि अश्रुधूर आले ते नंतर, दुपारी. आणि नेम? बहुतेकांना गोळ्या लागल्या त्या कंबरेच्या वर.

पोलिसांकडून सांगितलं गेलं की हायवेवर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, गोळी झाडली नसती तर हाहाकार झाला असता. टीव्हीवर टँकरची चित्रंही दिसली. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. त्यात टँकरचा हा बचाव टिकला नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता, असं आयोगाने लिहिलं.

गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. त्यांची गाणी मुंबईच्या चाळी-झोपड्यांत पाठ होती. त्यांचं नाव त्या दहांच्या यादीत येत नाही.

अहवाल आला, म्हणजे झालं का? नाही. चौकशी आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. तो विधिमंडळात ठेवला जातो, त्याच्यासोबत सरकारने काय केलं याचा कागद जोडला जातो, आणि पुढचं सगळं सरकारच्या मर्जीवर. त्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली ती मे २००९ मध्ये. बारा वर्षं गेली मध्ये. आणि थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयातून तो जामिनावर बाहेर आला.

(दृश्य: कायद्याचं पुस्तक, पानं उलटताना.)

कायद्यात काय लिहिलंय, ते शब्दशः पाहण्यासारखं आहे. जमाव पांगवण्याचं कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १२९ होतं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १४८ झालंय. कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तो हजर नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी जमावाला निघून जायला सांगू शकतो. नाही गेला, तर बळाने पांगवू शकतो. बळ किती, यावर हे कलम गप्प आहे.

पुढच्याच कलमात, १४९ मध्ये, लष्कराला बोलावण्याची तरतूद आहे. तिथे मात्र कायदा बजावून सांगतो की कमीत कमी बळ वापरा, माणसांची आणि मालमत्तेची कमीत कमी हानी करा. म्हणजे वर्षानुवर्षांत कधीतरी येणाऱ्या सैनिकाला कायदा तोल सांभाळायला सांगतो, आणि रोज रस्त्यावर असणाऱ्या पोलिसाला ते वाक्य त्या कलमात नाहीच. किमान बळाचं तत्त्व पोलिसांच्या नियमावलीत आहे, न्यायालयांच्या निकालांत आहे. पण मूळ कलमात नाही. मला तरी हा फरक किरकोळ वाटत नाही.

कलम १५१ आणखी एक पायरी घालतं. या कलमांखाली केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते.

(दृश्य: बंदोबस्तावरचे पोलीस, फुटपाथवर बसून डबा खाताना.)

आता काठी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेही बघायला हवं. बारा तासांची ड्युटी, बंदोबस्त लागला की त्याहून जास्त. सुट्टी रद्द. वरून दगड. भरतीनंतर प्रशिक्षण केंद्रात जे शिकवलं, ते वर्षाला दोन-चार तालमींत उजळायचं, तेही सणावाराच्या तोंडावर, घाईघाईत. चिडलेल्या माणसाशी बोलायचं कसं, त्याला शांत कसं करायचं, याची तालीम होते का, विचारून बघा एखाद्या शिपायाला.

२०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना तिथल्याच एका शिपायाची, मान्यता पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांची. देवनार म्हणजे रमाबाई नगरपासून फार लांब नाही. सुधारणा मंत्रालयातून खाली येते असंच आपण धरून चालतो. ही खालून वर गेली.

वरून आलेली सुधारणाही आहे. उत्तर प्रदेशाचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागायला दहा वर्षं लागली. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यातला एक आपल्या कामाचा: पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. जिल्ह्याच्या जागी मात्र विभाग आला. गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचं आणि परभणीच्या माणसाने संभाजीनगर. ज्याला मारहाण झालीय, त्याने एसटीचं भाडं काढून, त्या दिवसाची मजुरी सोडून. तरीही वाट काढून तो पोचला, तर प्राधिकरण चौकशी करतं आणि अहवाल शासनाला पाठवतं. इथेही शेवटी अहवालच.

(दृश्य: परभणी. रेल्वे स्थानकासमोरचा पुतळा.)

रमाबाई नगरनंतर सत्तावीस वर्षांनी, १० डिसेंबर २०२४ रोजी, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद. दगडफेक, जाळपोळ. मग पोलीस वस्त्यांमध्ये शिरले. धरपकड झाली. पकडलेल्यांमध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा एक तरुण होता. १५ डिसेंबरला, न्यायालयीन कोठडीत असताना, तो गेला. शवविच्छेदनात कारण आलं: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मारहाण झाली नसल्याचं सरकारने विधानसभेत सांगितलं.

कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची असते. तशी झाली, आणि दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना जबाबदार धरलं. पण गुन्हा? तो दाखल झाला नाही. त्यासाठी मुलाच्या आईला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जावं लागलं. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा एक मुद्दा साधा होता: दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी असं कायदा म्हणतो, पण अहवाल आल्यावर पुढे कुणी काय करायचं हे तो सांगतच नाही. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथेही आदेश कायम राहिला.

मुलगा गेल्यापासून गुन्हा नोंदवण्याच्या आदेशावर शेवटची मोहोर उमटेपर्यंत साडेसात महिने. सामान्य माणसाच्या हातून खून झाला, तर पहिला कागद संध्याकाळच्या आत तयार होतो.

(दृश्य: पोलीस ठाण्याचा व्हरांडा. कोपऱ्यात कॅमेरा.)

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. दारात, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोलीत. आवाजासकट. चित्रण दीड वर्ष जपायचं, ते शक्य नसेल तर जास्तीत जास्त, पण वर्षापेक्षा कमी नाही. कॅमेरा दिसतो आहे. चालू आहे का, हे चौकशीची वेळ आली की कळतं.

त्याच्याही आधी, डिसेंबर १९९६ मध्ये, डी. के. बसू खटल्यात याच न्यायालयाने अटकेबद्दल अकरा नियम घालून दिले होते. पहिल्याच नियमात होतं की अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. आज ते कायद्यातही आहे.

(दृश्य: पुन्हा मैदान. तालीम संपलेली.)

तालीम संपली आहे. तालमीत न घेतलेलं एकच दृश्य राहिलं: ज्याने गोळी झाडली, त्याने दुसऱ्या दिवशी कुणापुढे उभं राहायचं.

जवान हेल्मेट काढतात. छातीवरचं जाड संरक्षक जॅकेट काढायला वेळ लागतो, मागचे पट्टे एकमेकांनी सोडवून द्यावे लागतात. जॅकेट निघतं, घामाने भिजलेला खाकी शर्ट दिसतो, आणि खिशावर पितळी पट्टी. आता कुठे तिच्यावरचं नाव वाचता येतं.