चॉकलेटवाल्याचा कर

मंडळी, विषय कराचा असूनही सभागृह भरलं, म्हणजे तुम्ही पत्रिकेतला पहिलाच शब्द वाचून आलात. आधीच सांगतो, चॉकलेट वाटणार नाही. (हशा)

आजचा चॉकलेटवाला म्हणजे फ्रान्सचा एमिल-जस्तँ मेनिए, जन्म १८२६. करावरच्या त्याच्या कल्पनेकडे येतोच, आधी माणूस. वडिलांनी १८१६ मध्ये पॅरिसात औषधी पूड कुटण्याचा धंदा काढला. आपल्याकडे आजी मात्रा मधात उगाळून चाटवायची, तसं तिथे कडू औषधाला चॉकलेटचा लेप द्यायचे. पुढे औषधापेक्षा लेपच जास्त खपायला लागला! मुलगा हुशार. त्याने १८६७ मध्ये औषधांचा धंदा विकला आणि चॉकलेटच धरलं.

कारखाना पॅरिसच्या पूर्वेला, न्वाझिएलला, मार्न नदीवर. नदीकाठी नव्हे, अक्षरशः नदीवर. ज्यूल सोनिए या वास्तुकाराने १८७२ च्या सुमारास बांधलेली ती चक्की पाहा: लोखंडी सांगाडा लपवलेला नाही, तिरक्या पट्ट्या उघड्यावर, मधे रंगीत विटा, त्यांत कोकोची फुलं. १८७४ पासून कामगारांसाठी घरंही बांधली. मेयर कोण? १८७१ पासून मेनिएच. पगार त्याच्याकडून, भाडं त्याला, आणि तक्रार करायची तीही त्याच्याकडेच.

आता जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर. नाही, विषयांतर नाही. आमच्या वडिलांचं किराणा दुकान. गुळाचा ट्रक नाक्यावर अडकला की मला डबा देऊन पाठवायचे. कारकून ढेपा मोजणार, एक चुकली की पहिल्यापासून. मधेच त्याचा चहा. उन्हात गूळ पाझरायचा, मुंग्या मात्र जकात न भरता शहरात जायच्या. (हशा) ड्रायव्हर म्हणायचा, "बाळ, गाडी चालली की गुन्हा." हे वाक्य मी मेनिए वाचण्याआधी ऐकलं होतं. मुंबईतली जकात २०१७ मध्ये गेली. आमचे वडील त्याआधीच गेले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

पॅरिसच्या वेशीवरही अशीच जकात होती, दारूवर, मांसावर, जळणावर. म्हणजे गरिबाच्या ताटावर. मेनिएचं म्हणणं, चालता माल सोडा. कर बसवा स्थिर भांडवलावर: जमीन, इमारती, यंत्रं. १८७४ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, १८७६ मध्ये सेन-ए-मार्न जिल्ह्यातून संसदेत गेला, तिथेही हाच धोशा. उत्पन्नावर कर नको, कारण त्यासाठी माणसाच्या वह्या उघडाव्या लागतात. जमीन आणि यंत्र लपवता येत नाही.

त्यात स्वार्थ होता का? होता की! कोको आणि साखर हा चालता माल, तो सुटला असता. पण न्वाझिएलची ती चक्की, टर्बाइनं, घरं, सगळं करात आलं असतं. हिशेब कुठे बसला असता हे मांडायला मला अर्धा तास हवा होता, तो गुळाने खाल्ला. त्याच्या हयातीत संसदेने हा कर काही मान्य केला नाही. १८८१ मध्ये तो गेला, चौपन्नाव्या वर्षी. फ्रान्समधली जकात उठली ती १९४३ मध्ये.

अध्यक्ष उभे राहिलेत. बसतो.