कॅमेऱ्यातून थेट कागदावर

श्रोतेहो, नमस्कार. फोटो काढतो आपण भरपूर, पण त्यांतले हातात किती येतात? कॉम्प्युटर लावू, त्यात टाकू, निवडू, मग छापू, असं म्हणता म्हणता ते कार्डातच राहून जातात. म्हणून आज एवढंच सांगायचंय, की मध्ये कॉम्प्युटर लागतच नाही. कॅमेरा थेट प्रिंटरला जोडता येतो.

दोन्हींवर पिक्टब्रिजची खूण आहे का, ते आधी बघा. जपानमधल्या सीपा या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेनं २००३ मध्ये हे मानक आणलं. त्यामुळे कॅमेरा एका कंपनीचा आणि प्रिंटर दुसरीचा असला तरी चालतं. कॅमेऱ्याची यूएसबी केबल प्रिंटरला लावा, कॅमेरा सुरू करा. पडद्यावर खूण उमटली की फोटो निवडा, किती प्रती, कोणत्या मापाचा कागद ते ठरवा आणि छापा. पुन्हा सांगतो: आधी केबल, मग कॅमेरा सुरू, मग पडद्यावरची खूण. खूण आली नाही, तर मेनूत यूएसबीपाशी जाऊन प्रिंट किंवा पीटीपी निवडा. आणि बॅटरी भरलेली असू द्या.

आम्ही शाळेतले काही मित्र आमच्या चित्रकलेच्या सरांना भेटायला गेलो होतो. सर आता खूप थकलेत. सगळ्यांनी मिळून फोटो काढला. सर म्हणाले, "फोटो मला आज बघायचाय. नंतर पाठवतो म्हणणारे पाठवत नाहीत." माझ्या पिशवीत छोटा डाय-सब्लिमेशन प्रिंटर होता. टेबलावर ठेवला, केबल लावली, बटण दाबलं.

हा प्रिंटर शाई उडवत नाही. रंगाची पट्टी तापवून एकेक रंग कागदावर चढवतो, आणि प्रत्येक रंगासाठी कागद आत-बाहेर करतो. पहिल्यांदा कागद बाहेर आला तो नुसता पिवळा. पिवळे चेहरे, पिवळे शर्ट, पिवळी भिंत. "बिघडला!" म्हणत एकानं कागद ओढायला हात घातला. तोच सर खुर्चीत ताठ झाले आणि थेट वर्गातल्या आवाजात म्हणाले, "हात मागे! पिवळा आधी लावायचा, हे मी शिकवलंय तुम्हाला!"

कागद आत गेला. परत आला तेव्हा त्यावर किरमिजी चढला होता, आणि चेहरे तांबूस झाले होते. सर पुटपुटले, "आता निळा." आणि खरोखर निळा आला! झाडं हिरवी झाली, केस काळे झाले. शेवटी कागद पुन्हा एकदा आत जाऊन आला, पण रंग काही बदलला नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, हा पारदर्शक थर. बोटांचे डाग पडू नयेत म्हणून." सरांनी फोटो कडेनं धरला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला आणि एकेकाचं नाव घेत गेले. एकही नाव चुकलं नाही. मग म्हणाले, "आता सगळ्यांना एकेक काढ. आणि प्रत्येक वेळी पिवळ्यापासून बघू दे मला."

सगळ्यांच्या प्रती निघेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. बरेच फोटो छापायचे असतील तर कॅमेऱ्यातच डीपीओएफची यादी करता येते: कुठला फोटो, किती प्रती. ती कार्डावरच नोंदली जाते, म्हणून कार्डाची लॉकची कळ उघडी हवी. ते कार्ड प्रिंटरच्या खाचेत घातलं, की केबलही लागत नाही. रॉ प्रकारातले फोटो सहसा असे छापले जात नाहीत, जेपीईजी ठेवा. चार बाय सहा इंचाच्या कागदाला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, तेव्हा जुना कॅमेराही चालेल.

आणि ती कोपऱ्यात तारीख छापायची सोय! माझं ऐका, बंद ठेवा. ते आकडे नेमके कुणाच्या तरी हातावर येतात. तारीख मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा, नावांसकट. बॉलपेननं दाबून लिहिलं तर पुढे वण उठतो.

एक राहिलं. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांची चौकट चारास तीन असते, चार बाय सहाचा कागद मात्र तीनास दोन. कागद पूर्ण भरायचा म्हटलं की वरखालची कड कापली जाते. म्हणून फोटो काढतानाच डोक्यावर थोडी जागा सोडा. नमस्कार.