घराआधी रेघ

पुण्यातल्या धनकवडीतला प्लॉट. एका टोकाला दोरी ताणून धरलेला पोऱ्या, मागून वाकून फक्की टाकत येणारा मिस्त्री. लाइनआउट, म्हणजे नव्या घराची जमिनीवर आखणी, चाललंय. काका मोबाइलवर शूटिंग करताहेत, काकू नारळ घेऊन उभ्या. या पांढऱ्या रेघेपर्यंत यायला त्यांना दीड वर्ष लागलं. दोष महापालिकेला द्यायची आपल्याला सवय, पण यातला बराचसा काळ फाइल पालिकेत गेलीच नव्हती.

सातबाऱ्यावर अजून काकांच्या वडिलांचं नाव होतं. आधी वारसनोंद, मग बहिणींच्या सह्या, मग मोजणी. मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आली तेव्हा कळलं, शेजाऱ्याची भिंत दोन फूट आत आलीय. पुढचे चार महिने समजुतीचा चहा.

आणि हा आर्किटेक्टच्या टेबलावरचा नकाशा. नवं काम लाल, पाडायचं ते पिवळं. पिवळ्यात काकूंचं बाथरूम, कारण ते साइड मार्जिनमध्ये, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, येतं. "अहो, 2004 चं आहे, अजून टाइल हललेली नाही," काकू म्हणाल्या. मार्जिन टाइल बघत नाही.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनं छोट्या प्लॉटना सूट दिलीय. 150 चौरस मीटरपर्यंत आर्किटेक्टच्या सहीचे नकाशे आणि पैसे भरल्याची पावती हीच परवानगी. काकांचा प्लॉट त्याहून मोठा, म्हणून रीतसर कमेन्समेंट सर्टिफिकेट, काम सुरू करायचा परवाना. त्याची मुदत 1 वर्ष, नंतर दरवर्षी वाढवून घ्यायची, जास्तीत जास्त आणखी 3 वर्षं.

पुण्यात अशा न दिसणाऱ्या रेघा ठिकठिकाणी आहेत. मुठेकाठी निळी आणि लाल पूररेषा. लोहगावकडे विमानतळामुळे उंचीची मर्यादा. सगळ्यात जाचक रेघ कसब्यात. 2010 च्या कायद्यानं शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे 200 मीटर परवानगीनं. शनिवारवाड्याशेजारच्या वाड्यांत दुरुस्तीला रीतसर मंजुरी मिळू शकते, पाडून नवी इमारत बांधता येत नाही. मग तुळईखाली आणखी एक टेकू. पावसाळा आला की जिन्याखाली बादली. त्याच गल्लीत, रेघेपलीकडे, लिफ्टची इमारत.

पुन्हा धनकवडी. ठेकेदार काकांना बजावतोय, "जोतं तपासून झाल्याशिवाय वर एक वीट चढवणार नाही. मागच्या साइटवर घाई केली, भिंत पाडून परत बांधली, माझ्या पैशानं."

फक्की पुढे सरकत बाथरूमच्या दाराशी थांबली. मिस्त्रीनं काकूंकडे बघितलं. काकूंनी नारळ फोडला तो त्याच पायरीवर.