दारावरची नवी पाटी

(दृश्य : लांब कॉरिडॉर. एका खोलीच्या दारावर नावाची नवी पाटी बसवली जात आहे.)

सत्राचा पहिला आठवडा. पाटीवरचं नाव विभागात अजून कुणाला नीट म्हणता येत नाही. तिने दोनदा दुरुस्त करून सांगितलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

ही कुणा एकीची गोष्ट नाही. आपल्यासारखं दुसरं कुणीच नाही अशा विभागात रुजू होणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांची ही सुरुवात असते.

तिला एक ज्येष्ठ मार्गदर्शक नेमून दिले आहेत. माणूस मनापासून मदत करणारा. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "आधी संशोधन, मग समित्या. आणि नाही म्हणायला शिका." त्यांना स्वतःला उमेदवारीच्या काळात हाच सल्ला मिळाला होता, आणि तो कामी आला होता.

(दृश्य : दुपार. दारावर टकटक. बाहेर दोन विद्यार्थी उभे.)

ही मुलं तिच्या वर्गातली नाहीत. पण तिची भाषा बोलणारी, तिच्यासारख्याच घरांतून आलेली. एकाला वर्गातलं एक वाक्य लागलंय. दुसरीला शिक्षण सोडावं की काय असं वाटतंय. ही दोघं गेली की एक ईमेल येतो : प्रवेश समितीवर 'सर्वांचं प्रतिनिधित्व' हवं, तुमचं नाव घातलं आहे. संध्याकाळी माहितीपत्रकासाठी फोटो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या अल्पसंख्य प्राध्यापकांबद्दल लिहिताना अमादो पादिया यांनी 1994 मध्ये या ओझ्याला एक नाव दिलं : सांस्कृतिक कर. शब्द नेमका आहे. हा कर वेळेत भरावा लागतो, आणि बढतीच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो.

आता तो सल्ला पुन्हा ऐका. नाही म्हणायला शिका. मार्गदर्शकांसाठी 'नाही' म्हणजे एक बैठक कमी. तिच्यासाठी 'नाही' म्हणजे दारात उभ्या असलेल्या त्या मुलीला परत पाठवणं. विभागप्रमुखांना नाही म्हणावं, तर 'सहकार्य करत नाहीत' हा शिक्का, तोही नोकरी कायम व्हायच्या आधी. शब्द एकच, पण दोघांना पडणारी किंमत वेगळी.

(दृश्य : विभागाची बैठक. ती गप्प बसलेली.)

बैठकीत ती बोलत नाही. मार्गदर्शकांना वाटतं, आत्मविश्वास कमी आहे. कदाचित वडीलधाऱ्यांच्या आधी बोलू नये असं तिच्या घरचं वळण असेल. कदाचित तसं काहीच नसेल, मागच्या बैठकीत तिचं बोलणं दोनदा मध्येच तोडलं गेलं असेल, इतकंच. संस्कृतीचं भान ठेवायचं म्हणून प्रत्येक गोष्टीचं मूळ संस्कृतीतच शोधणं, हीसुद्धा चूकच.

मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरी-गार्सिया या दोन डॉक्टरांनी 1998 मध्ये वैद्यकीय शिक्षणासंदर्भात 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती एकदा शिकलो आणि झालं, असं होत नाही. स्वतःला आयुष्यभर तपासत राहावं लागतं, आणि दोघांमध्ये सत्ता कुणाच्या हातात आहे हे विसरून चालत नाही. ही दृष्टी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनालाही तितकीच लागू पडते. "तुमच्याकडे असंच असतं ना?" असं म्हणण्याऐवजी "तुम्हाला बोलायला काय अडतंय?" असं विचारायचं. आणि उत्तर मिळाल्यावर आपल्या हातातली सत्ता वापरायची. "या समितीवर त्यांच्याऐवजी मी येतो," हे वाक्य ज्येष्ठ माणूस सहज बोलू शकतो. तिला ते बोलताच येत नाही.

(दृश्य : छोटी खोली. गोलाकार मांडलेल्या पाच खुर्च्या.)

तरीही काही गोष्टी मार्गदर्शकांना सांगता येत नाहीत. उद्या बढतीच्या समितीत तेच बसलेले असू शकतात. कॅथी क्रॅम आणि लिन इझाबेला यांनी 1985 मध्ये एका मोठ्या कंपनीतल्या सहकाऱ्यांच्या नात्यांचा अभ्यास केला. बरोबरीच्या नात्यात देणं-घेणं दोन्हीकडून होतं, आणि ते मार्गदर्शकाच्या नात्याहून जास्त काळ टिकू शकतं, असं त्यांना दिसलं.

इथे पाच विभागांतले पाच जण पंधरवड्यातून एकदा भेटतात. प्रत्येकाला बारा मिनिटं. बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. कुणी परत आलेला शोधनिबंध वाचून दाखवतं. कुणी सांगतं, वर्गात जाताना आजही वाटतं, आपलं पितळ आज उघडं पडणार. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांमध्ये ही भावना टिपली होती. पण ती भीती नेहमी आतूनच येते असं नाही. ग्रंथालयाच्या दारात तुम्हालाच रोज ओळखपत्र मागितलं जात असेल, तर ती शंका बाहेरून पेरलेली असते. असे दोन अनुभव एकाच खोलीत शेजारी शेजारी आले, की हा फरक कळू लागतो.

एक धोका मात्र इथेही आहे. तारखा ठरवणं, खोली मिळवणं, आठवण करून देणं हे सगळं हळूहळू तिच्याच गळ्यात पडू लागतं. म्हणून या गटात ही कामं पाळीपाळीने फिरतात, आणि त्यांचे तास लिहून ठेवले जातात.

(दृश्य : सत्राचा शेवट. मार्गदर्शकांचं टेबल, त्यावर कार्यभाराचा तक्ता.)

या वेळी ते सल्ला देत नाहीत. विचारतात, "या सत्रात तुमच्या दाराशी किती जण आले?"

ती पर्समधून छोटी वही काढते. तारीख, वेळ, मिनिटं. विद्यार्थ्यांची नावं कुठेच नाहीत. पानांमागून पानं भरलेली.

ते वाचत राहतात, मध्येच थांबून एक पान पुन्हा वाचतात. मग तक्ता पुढे ओढून अध्यापन, संशोधन, प्रशासन यांच्या खाली हाताने एक नवी ओळ आखतात. पेन तिच्याकडे देतात.

"याला काय नाव द्यायचं?"