न्याहारी झाली का?

मंडळी, पाडव्याच्या मेळाव्यात ईस्टरवर बोलायला मला उभं केलंय, म्हणजे कार्यकारिणीला दुसरं कोणी सापडलं नसणार. नव्या ओळखीत अजूनही कोणीतरी म्हणतंच, "ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!" अहो, नगरचा आहे मी. मराठी तुमच्याइतकंच येतं, शिव्या जरा जास्त.

त्या शिव्यांचीच गोष्ट आहे. गुड फ्रायडेला उपासनेहून घरी आलो. अंगात तोच पांढरा सदरा. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकून आलेला माणूस. त्यातला पहिलाच क्षमेचा. तेवढ्यात नगरहून धाकट्या भावाचा फोन. विषय नेहमीचा, वडिलांचं घर. पाच मिनिटांत माझा आवाज असा चढला की शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. फोन आपटला. नऊ वर्षांची लेक जिन्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, तू आत्ताच चर्चमधून आलास ना? मग काहीच कसं झालं नाही तुला?"

औषध लागू पडलं नाही, अशा सुरात!

रविवारी पहाटेची उपासना समुद्रकिनारी होती. मेलबर्नचा ईस्टर पानगळीतला, त्यात त्याच रात्री घड्याळं तासभर मागे गेलेली. मी विसंबलो नगरहून आणलेल्या गजराच्या घड्याळावर. बापलेक पोहोचलो तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. गाडीत बसलो, थर्मासमधला चहा, उकडलेली अंडी. मला गल्लीतली प्रभातफेरी आठवली. गळ्यात अडकवलेली पेटी, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं, दारात पेंगत उभी असलेली आजी. लेक ती गीतं म्हणते, पण रोमन लिपीत वाचून.

तिने विचारलं, "येशू खरंच कबरेतून उठला होता का?"

पाळकसाहेबांनी ऐकू नये, पण मी म्हणालो, "मला माहीत नाही. काही दिवस वाटतं, काही दिवस अजिबात नाही." माझ्या आईला हे बोललो असतो तर जेवण बंद झालं असतं. पण आमच्या नगरच्याच टिळकांच्या घरातलं बघा. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या बाईने काय सोसलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. एकाच्या विश्वासाने दुसऱ्याचं घर मोडू शकतं, आणि त्याच घरात पुन्हा चूलही पेटते.

मग लेकीला येशूच्या शिष्याचं, पेत्राचं सांगितलं. प्रधान याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असताना त्याने येशूला ओळखत नाही म्हणून सांगितलं. एकदा नाही, तीनदा. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे तलावाकाठी पुन्हा तसाच कोळशाचा विस्तव आहे, वर मासळी, शेजारी भाकर. येशू हिशेब काढत नाही. आधी म्हणतो, "या, न्याहारी करा." प्रश्न नंतर, तेही तीन. रिकाम्या कबरेपाशी माझी गाडी अडते, पण या न्याहारीवर माझा विश्वास बसतो. का, ते विचारू नका.

आपण इथे येऊन भाषा टिकवली, सण टिकवले, आणि भांडणं तर लोणच्यासारखी मुरवली. गणपतीच्या वर्गणीवरून बिनसलेले दोन गट आजसुद्धा डाव्या-उजव्या खुर्च्यांत वेगळे बसलेत. हसू नका, मी त्यातल्या एकात आहे.

तर त्या गाडीत भावाला मेसेज लिहायला घेतला. सातबारा, वाटणी, कोण काय बोललं, सगळं. मग पुसलं आणि पाठवलं, "न्याहारी झाली का?" नगरला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. तरीही लगेच दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तोही जागाच होता म्हणायचा.

उत्तर अजून आलेलं नाही. लेक रोज माझा फोन हातात घेऊन बघते. आज इथे येतानाही सिग्नलला थांबलो तर मागच्या सीटवरून आवाज आला, "काकांचं काही आलं?"