थेंब मोजू नका हो, वजन करा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: "ताई, मोगऱ्याच्या परफ्यूममध्ये इंडोलचे थेंब किती?" इंडोल म्हणजे परफ्यूममध्ये अगदी थोडा घालायचा एक उग्र वासाचा पदार्थ. पण थेंब! अहो, थेंब हे काय माप आहे का?

टॉप, हार्ट, बेस, म्हणजे परफ्यूमच्या वासाचे तीन थर, तुम्हाला पाठ आहेत. लिंबू आधी उडतं, मग फुलं, चंदन-वाळा मागे राहतात. झालं, पुढे.

हे वाळ्याचं तेल. ड्रॉपर दाबते... बघा, थेंब नुसता लोंबतोय. आणि हे संत्र्याचं, टपटप टपटप. दोघांचा एकेक थेंब सारखा कसा?

आता माझीच फजिती. चुलतबहिणीच्या लग्नासाठी परफ्यूम केलं, वहीत लिहिलं "इंडोल 4 थेंब". सगळे खूश. मावशीला दुसरी बाटली हवी होती. तेच द्रावण, तेच 4 थेंब, फक्त ड्रॉपर जाड तोंडाचा. मावशीने हुंगलं आणि म्हणाली, "साड्यांच्या कपाटाचा वास येतोय गं." डांबरगोळ्या!

कारण नुसतं इंडोल तसंच वासतं. ते विष्ठेतही असतं, नाक मुरडू नका! पण मोगऱ्यातही असतं. मंडईतून आणलेला हा कालचा गजरा, पाकळ्या तपकिरी झाल्यात. वास घेतला की गोडाखाली काहीतरी जड, कुबट लागतं ना? तेच इंडोल. ते काढलंत तर उरतो रूम फ्रेशनर.

म्हणून 0.1 ग्रॅम इंडोल, 9.9 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे 1 टक्का द्रावण. 0.002 ग्रॅम इंडोल तुमच्या 0.01 ग्रॅमवाल्या काट्यावर दिसणारच नाही, पण तेवढंच इंडोल असलेले या द्रावणाचे 0.20 ग्रॅम दिसतात. वहीत ग्रॅमच लिहा. थेंब लिहिलात तर मावशी आठवा.

एक काका विचारतात, "कनौजचे अत्तर कारागीर कुठे काटा घेऊन बसतात?" काका, ते देग-भपक्यावर, म्हणजे वाफेने अर्क काढायच्या भांड्यांवर, फुलांचा अर्क उतरवतात, आच त्यांच्या हाताला कळते. आपण बाटल्यांतलं मिसळतोय. उगाच परंपरा मध्ये आणू नका.

"मग कला कुठंय?" 1966 मध्ये परफ्यूमर एदमों रुदनित्स्काने 'ओ सोव्हाज' या परफ्यूममध्ये हेडिओन हा मोगऱ्यासारख्या हलक्या वासाचा पदार्थ घातला. त्याचा रेणू प्रयोगशाळेत बनलेला. पण लिंबाच्या मागे फुलांची हवा खेळवायला तो वापरावा, हे सुचलं नाकाला. इथेही 0.20 ठेवू की 0.25, हे काटा सांगत नाही. दोन्ही करा, वास घ्यायच्या कागदी पट्टीवर तारीख टाका, सकाळी चहाच्या आधी हुंगा.

मावशीची बाटली अजून माझ्याकडेच आहे. कपाटात ठेवायला कुणाला हवी असेल तर कमेंट करा.